टोपीवरून उतरलेला स्तंभ

महार रेजिमेंटच्या आजच्या बिल्ल्यावर तिपाईवर चढवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन एकमेकींना छेद देताना दिसतात आणि मधोमध एक खंजीर उभा असतो. दुसऱ्या महायुद्धात याच पलटणीच्या जवानाच्या टोपीवर जो बिल्ला होता त्यात यातले काहीच नव्हते. तिथे होता भीमा-कोरेगावचा स्तंभ आणि त्याखाली ‘महार’ एवढाच शब्द. पुढे मशीनगन आल्या, काही काळ त्या स्तंभाशेजारी नांदल्या. मग स्तंभ गेला आणि त्याच्या जागी खंजीर आला. या अदलाबदलीचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, इंग्रजांच्या विजयाची खूण स्वतंत्र देशाच्या सैनिकाच्या टोपीवर शोभण्यासारखी नव्हतीच, गेली ते बरे झाले. दुसरा म्हणतो, एका समाजाच्या पराक्रमाची दगडात कोरलेली साक्ष लष्कराने पुसून टाकली. भांडण कडाक्याचे असले तरी दोघांचे गृहीत एकच आहे: बिल्ला म्हणजे घडून गेलेल्या इतिहासाची नोंद. मला हे गृहीतच चुकीचे वाटते. पलटणीचा बिल्ला हा दावा असतो, आणि दावा नेहमी कुणापुढे तरी मांडलेला असतो. महार रेजिमेंटच्या बाबतीत तो ऐकणारा कोण होता आणि केव्हा बदलला, हे पाहिल्याशिवाय स्तंभ का आला हे कळत नाही आणि का गेला हेही कळत नाही.

नोंद म्हणूनच पाहायचे तर स्तंभावर महार रेजिमेंटचा काडीचाही हक्क नव्हता. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात लढली ती मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण. कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून पुण्याच्या मदतीला निघाला तेव्हा त्याच्याजवळ सुमारे पाचशे पायदळ, अडीचशेच्या आसपास घोडेस्वार, सहा पौंडी दोन तोफा आणि त्या चालवणारे मद्रास तोफखान्याचे चोवीस गोरे गोलंदाज होते. सकाळी भीमेच्या काठी त्याची गाठ थेट दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी पडली. ती फौज वीस हजारांहून मोठी होती, मात्र गावात शिरून लढलेले पायदळ दोनएक हजारच असावे आणि त्यात अरबांचा भरणा मोठा होता. दिवसभर गावाच्या गल्ल्यांतून, पाण्यावाचून झुंज चालली. एक तोफ हातची गेली आणि परत मिळवावी लागली. तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम मारला गेला आणि त्याचे शिर कापून नेण्यात आले. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली, आणि स्टॉन्टनही पुण्याला न जाता शिरूरला परतला. पावणेतीनशेच्या आसपास माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली होती. या दिवसाला विजय म्हणायचे की तगून राहणे म्हणायचे, यावर वाद घालता येतो. कंपनी सरकारने तो वाद दगडानेच मिटवला. मार्च १८२१मध्ये स्तंभाचा पाया घातला गेला आणि साठएक फुटी स्तंभावर इंग्रजी व मराठीत लेख कोरले गेले. लढलेल्या पलटणीला ग्रेनेडिअर हा मान मिळाला. आजच्या ग्रेनेडिअर्स रेजिमेंटची परंपरा तिच्यापर्यंत पोचते, आणि पूना हॉर्सची त्या दिवशीच्या घोडदळापर्यंत. ‘कोरेगाव’ हा युद्धसन्मान लष्कराच्या खात्यात याच दोघींच्या नावे जमा झाला. महार रेजिमेंटची पहिली बटालियन बेळगावात उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ रोजी, म्हणजे लढाईनंतर सव्वाशे वर्षे होत आली तेव्हा. दोन्ही पलटणींना जोडणारा धागा लष्करी दप्तरात नाही.

तो धागा आहे स्तंभावरच्या नावांत. पायदळाच्या एकोणपन्नास मृतांच्या यादीत बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, आणि त्या काळी असे नाव पाहिले की माणूस महार हे सांगावे लागत नसे. यादीत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, बेने इस्रायलीही आहेत. पण कुठल्याही एका समाजाचा एवढा मोठा वाटा नाही. यात नवल काहीच नव्हते. मुंबईच्या फौजेत महारांची भरती अठराव्या शतकापासून होत आली होती. नवल पुढे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानी लष्करात लढाऊ जातींचा सिद्धान्त मुरला. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेला लॉर्ड रॉबर्ट्स त्याचा मोठा पुरस्कर्ता होता. दक्षिणेतली आणि पश्चिमेतली माणसे लढाईला कमी पडतात, पंजाब, पठाण मुलूख आणि नेपाळकडची माणसे खरी शिपाईगडी, असे ठरले, आणि १८९२-९३च्या सुमारास महारांची भरती थांबली. हा नुसता नोकरीचा प्रश्न नव्हता. फौजेतल्या माणसाची मुले पलटणीच्या शाळेत शिकत, त्याला पेन्शन मिळे, आणि गावकीच्या जाचापासून दूर असे जगण्याचे ते जवळपास एकच ठिकाण होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला, हे सर्वांना ठाऊक असते; ती वाट एका हुकुमासरशी बंद झाली, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या सरकारने या माणसांची नावे दगडावर कोरली होती, त्यानेच त्यांच्या नातवंडांना तुम्ही लढाऊ नाही असे सांगितले.

म्हणून स्तंभ हा स्मारक कमी आणि सरकारने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली पावती जास्त, असा त्याचा वापर सुरू झाला. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी विनंतीअर्ज तयार केला, तेव्हापासून ही तक्रार कागदावर आहे. ‘सोमवंशीय मित्र’ चालवणाऱ्या शिवराम जानबा कांबळ्यांनी ती पुढे रेटली. १९१०मध्ये अर्ज थेट लंडनला, भारतमंत्र्यांपर्यंत गेला. पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण भासली तेव्हा १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी झाली. चणचण संपली तशी १९२१मध्ये ती मोडली. गरजेपुरते घ्यायचे आणि गरज सरली की लढाऊपणाचा सिद्धान्त आठवायचा, हा प्रकार दोनदा झाला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर कोरेगावला गेले ते या पार्श्वभूमीवर. लष्कराची दारे पुन्हा उघडा, ही त्या काळातली रोखठोक मागणी होती. १९४१मध्ये ते व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर आले, त्याच वर्षी बेळगावची बटालियन उभी राहिली, पुढच्या वर्षी कामठीची. या दुसऱ्या बटालियनमधल्या कॅप्टन मॉर्टलमन्स या अधिकाऱ्याने बिल्ला रेखाटला आणि त्यात स्तंभ घातला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बिल्ला गोऱ्या अधिकाऱ्याने काढला, स्तंभ गोऱ्यांनी बांधला. मग यात महारांचा दावा कुठला? मला वाटते, हा आक्षेप पेन्सिल कुणाच्या हातात होती एवढेच पाहतो. कंपनीने स्तंभ बांधला तो आपल्या शौर्यासाठी, आणि पलटणीच्या परंपरेच्या हिशेबाने तो ग्रेनेडिअर्सचा होता. कोरेगावचा संबंध महारांशी जोडण्याचे काम अर्जांनी, नियतकालिकांनी आणि कोरेगावच्या फेऱ्यांनी आधीच्या तीस-चाळीस वर्षांत केले होते. ते झाले नसते तर १९४२मध्ये नव्या पलटणीसाठी चिन्ह शोधणाऱ्या अधिकाऱ्याला हा दगड सुचण्याचे कारण नव्हते. आणि चिन्ह मांडायचे ते कुणापुढे, हेही पाहावे. समोर होते तेच लष्कर, ज्याने दोनदा दार लावले होते. त्याला त्याच्याच दगडाची, त्याच्याच शिलालेखाची साक्ष काढून उत्तर देणे यापेक्षा चपखल युक्तिवाद दुसरा कोणता होता? महारांच्या शौर्याच्या इतर आठवणी होत्याच. शिवकाळातल्या गडकोटांवरच्या पहाऱ्यांच्या, खर्ड्याच्या लढाईतल्या शिदनाकाच्या. पण भरती अधिकाऱ्याच्या लेखी त्या लोककथा. स्तंभ नाकारायचा तर लष्कराला स्वतःचीच नोंद खोटी ठरवावी लागली असती.

दुसरा आक्षेप अलीकडे जास्त ऐकू येतो. कोरेगावची लढाई जातिअंताची लढाई नव्हती. कंपनीचा शिपाई पगारासाठी लढला, समोर अरब, गोसावी, मराठे सगळेच होते, आणि पेशवाईतल्या अस्पृश्यतेविरुद्धचे बंड म्हणून त्या दिवसाकडे पाहणे ही नंतरची भर आहे. १८१८पुरते हे बरोबर आहे, आणि ते नाकारण्याची गरजही नाही. स्टॉन्टनच्या शिपायांनी त्या दिवशी जातीचा विचार केला असल्याचा पुरावा नाही. तहानेने घसा कोरडा पडलेला माणूस पुढच्या भिंतीआडून येणाऱ्या गोळीचा विचार करतो. पण १९४२च्या बिल्ल्याला हा आक्षेप लागू पडत नाही, कारण त्या बिल्ल्याने ते म्हटलेच नव्हते. त्यात पेशव्यांचे नाव नाही, पराभूत कोण याचा इशाराही नाही. एक स्तंभ आणि एका जातीचे नाव, एवढेच. वाक्य असे होते: आम्ही लढलो आहोत, तुम्हीच लिहून ठेवले आहे. जातिअंताचा अर्थ स्तंभाला मिळाला तो लष्कराबाहेर, मोकळ्या मैदानात, आणि तो अर्थ देण्याचा हक्क तिथे जमणाऱ्या लोकांचा आहे. बिल्ल्यावरचा स्तंभ आणि मैदानातला स्तंभ दगडाने एक असले तरी बोलत होते वेगळ्या माणसांशी. हा फरक न पाहिल्यामुळे दोन्ही बाजूंची पुष्कळ शाई वाया गेली आहे.

ऑक्टोबर १९४६मध्ये या रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंट केले गेले आणि बिल्ला बदलला. आता स्तंभावर दोन व्हिकर्स तिरक्या आल्या आणि खालच्या पट्टीवर ‘महार एमजी रेजिमेंट’ हे नाव. हा मधला बिल्ला मला सगळ्यांत बोलका वाटतो, कारण त्यात दोन निराळ्या जातीचे पुरावे एकावर एक ठेवले आहेत: खाली वारशाने आलेला, वर कामाने मिळालेला. व्हिकर्स हे साधे हत्यार नव्हते. नुसती गन पंधरा किलोच्या आसपास, तिपाई त्याहून जड. नळीभोवतीच्या जाड्या नळकांड्यात सुमारे चार लिटर पाणी, ते उकळू लागले की वाफ बाहेर नेण्यासाठी रबरी नळी, आणि अडीचशे गोळ्यांचा कापडी पट्टा. मिनिटाला साडेचारशे-पाचशे गोळ्या ती तासन्‌तास सोडू शके, पण त्यासाठी एक माणूस नेम धरणारा, एक पट्टा सरकवणारा आणि बाकीचे पाणी, गोळ्या, तिपाई वाहणारे, असा मेळ जमावा लागे. शिवाय टेकडीआडून, लक्ष्य न दिसता मारा करायचा तर अंतराचे तक्ते वाचता यायला हवेत, कोन मांडता यायला हवा. ज्यांना लिहिणे-वाचणे परंपरेने नाकारले गेले होते आणि ज्यांना लष्कराने कच्चे ठरवले होते, त्यांच्या हाती पायदळातले सर्वांत हिशेबी हत्यार दिले गेले. देणाऱ्यांच्या मनात एवढा काव्यात्म न्याय होता असे मी म्हणणार नाही. लष्कर आपल्या सोयीने वागते. परिणाम मात्र तो झाला.

आणखी एक परिणाम झाला तो मशीनगन पलटणीच्या रचनेमुळे. अशी पलटण सहसा एकसंध लढत नाही. तिच्या कंपन्या, कधी नुसत्या प्लाटून, वेगवेगळ्या ब्रिगेडांना वाटून दिल्या जातात. १९४७च्या फाळणीच्या दंगलीत पंजाब बाउंडरी फोर्समध्ये आणि लगेच जम्मू-काश्मीरच्या लढाईत महार मशीनगनवाले असेच विखुरलेले होते, दुसऱ्या पलटणींच्या मोर्चांवर, त्यांच्या बाजूला गन मांडून. डिसेंबर १९४७मध्ये झांगर शत्रूने घेतले तेव्हा तिथे पहिल्या महारचे मशीनगनवाले होते आणि त्या दिवसाच्या कामगिरीसाठी नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीरचक्र मिळाले. शेजारच्या खंदकातल्या माणसाला आपल्यावर मशीनगनचे छत्र धरणारा कोण, हे एका रात्रीत कळते. त्यासाठी १८१८चा दाखला काढावा लागत नाही. वारशाच्या पुराव्याची गरज इथे संपत चालली होती.

स्वातंत्र्यानंतर स्तंभ बिल्ल्यावरून गेला. वसाहतीची खूण म्हणून गेला, हे स्पष्टीकरण सहज पटण्यासारखे असले तरी पुरेसे नाही. तसे असते तर मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावरचा हत्तीही जायला हवा होता. तो असईचा हत्ती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजेचा पाडाव केला आणि कंपनीने त्या लढाईची आठवण म्हणून हत्तीचे चिन्ह दिले. मराठ्यांच्या पराभवाची कोरेगावपेक्षा कितीतरी निर्विवाद खूण आजही भारतीय जवानाच्या टोपीवर आहे आणि त्याबद्दल कुणाची हरकत नाही. त्याहून गंमत ग्रेनेडिअर्सची. कोरेगावचा खरा वारसा ज्यांच्याकडे, त्यांच्या बॉम्बगोळ्यावर आजही हॅनोव्हरचा पांढरा घोडा आहे, म्हणजे इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या जर्मन घराण्याची निशाणी. हत्ती राहिला, घोडा राहिला, स्तंभ गेला. फरक असा की हत्ती आणि घोडा आता कुणाशीच बोलत नाहीत. त्यांचे मूळ श्रोते मेले आणि चिन्हे निव्वळ डौलापुरती उरली. असईला दरवर्षी कुणी जमत नाही, हॅनोव्हरच्या घोड्याला कुणी अभिवादन करत नाही. स्तंभाचे तसे नव्हते. तो एका ठराविक माळावर उभा होता, तिथे ठराविक तारखेला माणसे येत होती, आणि त्याचा अर्थ ठरवण्याचे काम चालूच होते. लष्कराला टोपीवर चालते ती मुकी चिन्हे. बोलके चिन्ह त्याच्या शिस्तीत मावत नाही. शिवाय ज्या श्रोत्यासाठी बिल्ल्यावर स्तंभ घातला होता तो, म्हणजे लढाऊ जातींचा सिद्धान्त मानणारा साहेब, जहाजात बसून निघून गेला होता.

तरीही साक्ष पुसली या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. जिथे ज्यांची नावे होती तिथून त्यांची खूण काढली जाते तेव्हा काढणाऱ्याने उत्तर द्यावे ही अपेक्षा रास्तच आहे, आणि खंजीर हे काही उत्तर नव्हे. खंजीर जगभरच्या कितीतरी पलटणींच्या बिल्ल्यांवर सापडतो. त्यात ना महारांचे काही, ना सह्याद्रीचे, ना काश्मीरचे. उभ्या स्तंभाच्या जागी बसणारी उभी वस्तू, यापलीकडे त्याची निवड मला समजत नाही. पण तक्रार करणारे एक विसरतात. टोपीवरून उतरल्यामुळे स्तंभ लहान झाला नाही. बिल्ल्यावर राहिला असता तर तो एका रेजिमेंटची मालमत्ता झाला असता, परेडच्या शिस्तीत बांधला गेला असता, आणि कदाचित असईच्या हत्तीसारखा मुका झाला असता. लष्कराने सोडल्यावर तो लोकांचा झाला. १ जानेवारीला स्तंभ उभा असलेल्या पेरणे गावच्या माळावर लाखोंनी लोक येतात ते ‘महार रेजिमेंटचे मानचिन्ह’ पाहायला नव्हे. २०१८च्या द्विशताब्दीला तिथे हिंसाचार झाला, चौकशा झाल्या, खटले उभे राहिले. मेलेल्या चिन्हावरून असे काही होत नसते.

इकडे रेजिमेंटचा दावाही बदलत गेला. तिचा युद्धघोष ‘बोलो हिंदुस्थान की जय’ आहे. आपल्याकडच्या अनेक पलटणी देवदेवता, गुरू किंवा आपल्या राजाचे नाव घेऊन चढाई करतात. इथे थेट देशाचे नाव आहे. नवा श्रोता कोण, हे यापेक्षा उघड सांगता येणार नाही. १९५६मध्ये पूर्व पंजाबच्या बॉर्डर स्काउट्सच्या बटालियन या रेजिमेंटमध्ये आल्या आणि जातीच्या नावाने सुरू झालेल्या पलटणीत अनेक समाजांचे, अनेक प्रांतांचे जवान एकत्र आले. मग नावच का ठेवायचे, असा शेवटचा आक्षेप घेतला जातो. जातीची ओळख पुसायची तर स्तंभाबरोबर ‘महार’ही जायला हवे होते. मला हे उलटे वाटते. स्तंभ दुसऱ्याने दिलेला दाखला होता, त्याचे काम झाल्यावर तो ठेवणे हा संकोच ठरला असता. नाव मात्र कुणी दिलेला दाखला नाही. ज्या शब्दापायी भरती नाकारली गेली, तोच शब्द पंजाबातला शीख, उत्तर प्रदेशातला ब्राह्मण किंवा तमिळ अधिकारी खांद्यावर लावतो, तेव्हा तो शब्द पुसण्यापेक्षा मोठे काम होते. के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. १९६०च्या दशकात ती नेहमीचे पायदळ झाली आणि व्हिकर्स हळूहळू शस्त्रागारातून गेली. बिल्ल्यावरून मात्र कुणी तिला हलवले नाही, कारण तो पुरावा रेजिमेंटचा स्वतःचा होता. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत, छातीत गोळी लागल्यावरही हल्लेखोरांशी लढत राहिलेले आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले तमिळ होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, आणि रेजिमेंट ते आपले म्हणून सांगते.